नांद्रुकीशेजारची जागा

ख्रिस्ती मंडळीचे एक पंच शमुवेल मुरगूडकर, म्हणजे आण्णा, सभेत बोलायला उभे राहिले की मंडळीतली निम्मी माणसं घड्याळाकडं बघायची आणि उरलेली निम्मी पायांनीच चपला चाचपायची. विषय पंख्यांच्या दुरुस्तीचा असो, नाताळच्या केकचा असो, नाहीतर देवळाला रंग कुठला द्यायचा याचा. आण्णा खाकरणार, डावा हात कमरेवर ठेवणार आणि म्हणणार, ‘‘माझं म्हणणं काय हाय...’’

पुढचं सगळ्यांना पाठ. देवानं पहिल्या माणसाला पहिलं काम कुठलं दिलं? प्रार्थनेचं न्हाय, वर्गणीचं न्हाय, बागेच्या राखणीचं. आणि प्रभू कबरेतनं उठला तवा रडणाऱ्या मरीयेला तो कोण वाटला? राजा न्हाय, याजक न्हाय. माळी वाटला, माळी. आणि आपन काय करालोय? फरशी घालालोय. मागच्या बाकावर तरुण संघातली पोरं तशीच कमरेवर हात ठेवून नुसते ओठ हलवायची, आणि ‘माळी’ हा शब्द त्यांचा आणि आण्णांचा एकाच ठोक्याला पडायचा. आण्णांना ते दिसायचं. ते एकदा म्हणाले होते, नक्कल का असंना, पोरांच्या तोंडात वचन तर बसतंय.

फरशी म्हणजे दफनभूमीतली फरशी. मंडळीची दफनभूमी गावाच्या कडेला होती. आता गावच तिला ओलांडून पुढं गेलं होतं. तीन बाजूंना इमारती, मध्ये दगडी कुंपण, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात एक थोरली नांद्रुक. वडाचीच चुलत बहीण ती. पारंब्या कमी, सावली जास्त. तिला बारीक फळं लागली की तांबट, बुलबुल, धनेश सगळी जत्रा भरायची आणि खालच्या क्रूसांवर पांढरे ओघळ यायचे. नातेवाईक येऊन नाक मुरडायचे. आण्णा बादली घेऊन यायचे आणि क्रूस पुसायचे. पक्ष्यांना त्यांनी कधी हाकललं नाही.

आण्णा मूळचे मुरगूडचे. बाप सायकलवरून वाड्यावस्त्यांवर प्रभूचं वचन सांगत फिरणारा सुवार्तिक. पोरगा सोळाव्या वर्षी कोल्हापुरात आला, मोटारी रिवाइंडिंगचं काम शिकला आणि शिवाजी पेठेत एका तालमीच्या बोळात दुकान टाकून बसला. जळालेली मोटर आली की आतली काळी तार उपसायची आणि नवी तांब्याची भरायची. चाळीस वर्षं तेच. लग्न झालं बायडाबाईशी. तिचं बाप्तिस्म्याचं नाव रिबेका, पण ते पाळकांशिवाय कुणी वापरलं नाही. ती दवाखान्यात आया होती. हजार माणसांच्या अंथरुणाजवळ काढलेल्या आयुष्यामुळं तिच्या जिभेला कुणाची भीती उरली नव्हती. आण्णा घरातही ‘माझं म्हणणं काय हाय’ म्हणायला लागले की ती म्हणायची, ‘‘म्हणणं ऱ्हाऊ दे, आधी दळण आणा.’’

दोन पोरं. थोरली मोना, धाकटा ऋतुराज. ऋतुराज पाच वर्षांचा असताना काविळीनं गेला. त्याला नांद्रुकीच्या बुडाशी ठेवला. एका अंगाला झाड आणि दुसऱ्या अंगाला एका माणसाची मोकळी जागा. त्या वेळच्या पंचांनी ती जागा मुरगूडकरांची म्हणून राखून ठेवली. तेव्हापासून दर रविवारी आण्णा लुनाला पाण्याचे कॅन अडकवून दफनभूमीत जायचे. लोकांना वाटायचं, झाडाचं वेड आहे. वेड होतंच. पण त्याला सुरुवात अशी झाली की पोराला मातीत घातल्यावर उन्हात उभं राहवत नव्हतं, आणि त्या माणसाला सावलीला घेणारं तिथं दुसरं कुणीच नव्हतं.

इस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत उपासनेला जमायची. बायडाबाई ती मोकळी जागा आधी हातानं झाडून घ्यायची आणि तिच्यावर ऐसपैस बसायची. बाया हसायच्या. ती म्हणायची, ‘‘आपली जागा आपन वापरून बघावी. हितं मेमधी बी गार लागतंय. मेल्यावर फॅन लागायचा न्हाय.’’

मग करोनाची दुसरी लाट आली. दफनभूमी आधीच भरलेली होती. त्या उन्हाळ्यात तिच्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. पायवाटा खणल्या. पंचांचे सेक्रेटरी धैर्यशील सर, हायस्कुलात गणित शिकवणारे, यांनी स्वतःच्या आईला दोन जुन्या कबरींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ठेवली होती, आणि ते बघताना त्यांचा चेहरा कसा झाला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी मास्क लावून, देवळाच्या अंगणात लांब लांब खुर्च्या मांडून सभा घेतली. सरांची बोलायची रीत फळ्यावरची. एक मुद्दा मांडायचा, तळहातावर बोट आपटायचं आणि म्हणायचं, ‘हा एक भाग झाला.’ नांद्रुकीची मुळं कबरी उचकटतात, हा एक भाग झाला. पाखरांची घाण होते, हा एक भाग झाला. झाड काढलं तर एक पूर्ण ओळ मिळते, आणि माणसं दारात ताटकळलीत. हा तर सगळ्यात मोठा भाग होता.

आण्णा उठले. त्या दिवशी कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही आणि माळ्याचंही काढलं नाही. म्हणाले, कुंपणाच्या कडेला मी फुलझाडं लावलीत ती सगळी काढा, तिथं जागा निघतील. आणि ऋतुराजच्या शेजारची आमची राखीव जागा घ्या. झाडाला हात लावू नका.

कुंपणाची पट्टी धरून हिशेब कसाबसा बसला. तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले, हा खरा त्याग. दुसऱ्याच दिवशी त्या जागेत एका परक्या गावच्या शिक्षिकेला ठेवलं.

आण्णा घरी आले ते ताठ मानेनं. झाड वाचलं, हे त्यांनी बायडाबाईला दारातूनच सांगितलं. कसं वाचलं, ते उद्या सांगू म्हणाले, ते मनात. उद्याचं परवा झालं. पुढच्या इस्टरला बायडाबाईचे पाय सुजले होते, ती गेलीच नाही. त्याच्या पुढच्या इस्टरला डायलिसिस सुरू झालं होतं. ती विचारायची, ‘‘माझी जागा झाडली का न्हाय?’’ आणि आण्णा मान हलवायचे. हलवलेली मान खोटं बोलत नाही असं काहीतरी त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मोनाला बाजूला घेतलं. बायडाबाईला बाजूला घ्यायची गरज नव्हती; तिनं तसली बाजूला घेतलेली माणसं आयुष्यभर बघितली होती. तिनं मोनाला सगळं सांगून ठेवलं. साडी पांढरी, पण ती कडक खळीची नको. गाणी दोनच, नाहीतर उन्हात माणसं शिव्या देत्यात. आणि ऋतूच्या शेजारी.

त्या आठवड्यात नवे पाळकसाहेब भेटीला आले. येऊन वर्षच झालं होतं, पण मंडळीचं जुनं-नवं सगळं त्यांनी पाठ केलं होतं, आणि चहाच्या कपापुढंही ते व्यासपीठावरूनच बोलायचे. ह्या ठिकाणी, ह्या प्रसंगी, ह्या बहिणीच्या जीवनाकडे पाहत असताना. असं करत करत ते म्हणाले की आण्णांनी नि तुम्ही तुमची जागा परक्यासाठी अर्पण केली, ती साक्ष मंडळी कधीही विसरणार नाही.

बायडाबाईनं त्यांना आणखी एक बिस्कीट घ्या म्हटलं. प्रार्थना झाली, आमेन झालं, पाळकसाहेब चप्पल घालून गेले. मोना कप धुवायला गेली. आण्णा दारातच उभे राहिले, पाठ करून.

‘‘कवा दिलासा?’’ तिनं विचारलं.

आण्णांनी सांगितलं. झाडाचं सांगितलं, दारात ताटकळलेल्या माणसांचं सांगितलं, शिक्षिकेचं सांगितलं. बरंच बोलले. ती ऐकून घेत होती, दवाखान्यात रडणाऱ्या नातेवाइकांचं घ्यायची तसं.

‘‘एक ध्यानात ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘झाड तुमी वाचवलं न्हाय. मी वाचवलं. मला इचारलं न्हाय, एवढंच.’’

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डायलिसिसहून परत येताना रिक्षात म्हणाली, ‘‘मला जाळा.’’

आण्णांना वाटलं, रागानं म्हणते. पण तिनं विचार करून ठेवला होता. पंचगंगेच्या घाटावर शेणी रचून जाळतात, मूठभर राख होते. मूठभर राखेला किती जागा लागते? ऋतूच्या ह्या अंगाला शिक्षिका असंना, त्या अंगाला झाड आहे. झाड आणि पोरगा यांच्या मधी हातभर फट आहे. तिथं मावते की मी.

मुरगूडच्या बापानं आण्णांना कंदिलाच्या उजेडात जे शिकवलं होतं ते एवढंच, की देह हा बी आहे, तो मातीत पेरायचा आणि शेवटच्या दिवशी उगवायचा. आजवर प्रत्येक माती देताना त्यांनी हेच मानलं होतं. ऋतुराजला ठेवताना तर दुसरं काही धरायलाच नव्हतं.

‘‘अगं,’’ ते म्हणाले, ‘‘बी कुणी भाजून पेरतंय व्हय?’’

‘‘आणि पेरायला जमीन ठेवलायसा कुठं?’’ बायडाबाई म्हणाली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि परत रस्त्याकडं नजर वळवली.

आण्णा पाळकांकडं गेले. पाळकसाहेब पहिल्यांदाच साधं बोलले. म्हणाले, अग्नी? आपल्यात? मला पंचांना विचारावं लागेल. पंचांनी नाही म्हटलं. अग्नी दिला तर मंडळीची उपासना मिळणार नाही, आणि राख दफनभूमीत येणार नाही. आज एक आणेल, उद्या सगळेच डबे घेऊन येतील. लाटेनंतर गावाबाहेर माळावर नवी दफनभूमी मिळालीय, तिथं हवी तेवढी जागा आहे, तिकडं न्या.

धैर्यशील सर मात्र आण्णांच्या मागोमाग फाटकापर्यंत आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बोट तळहातावर आपटलं नाही. म्हणाले, ‘‘आण्णा, एक शब्द बोला. झाड निघालं की त्या बाजूला जागाच जागा. ऋतुराजला लागूनच ठेवू वहिनींना. मी स्वतः उभा राहतो.’’

आण्णा ते घेऊन घरी आले. खरं तर त्यांनी मनात झाड तोडून टाकलं होतं. रस्त्यातच तोडलं होतं. ती हो म्हणेल, आणि मग तिच्यासाठी केलं असं होईल, एवढ्याचीच ते वाट बघत होते. त्यांनी सरांचं म्हणणं सांगितलं आणि खाली बघत बसले.

बायडाबाईला धाप लागत होती. तरी ती हसली. ‘‘आता तोडलासा तर माझी जागा फुकटच गेली की. बसा गप्प.’’

जूनमध्ये ती गेली. आण्णांनी तिचं ऐकलं. मंडळीतल्या चार बाया घरी येऊन रडून गेल्या, घाटावर कुणी आलं नाही. खांदा दिला पेठेतल्या शेजाऱ्यांनी, शेणी रचून दिल्या तालमीच्या पोरांनी. घाटावरच्या माणसानं विचारलं, विधीला कोण आहे. कुणीच नाही म्हटल्यावर तो थोडा बाजूला सरकला. मोनानं आण्णांचा हात धरला आणि आण्णा गाऊ लागले. दफनाचं गाणं, ते सगळ्यांनी मिळून गायचं असतं. एका माणसाच्या गळ्यात ते फार लांब पडतं. शेजारच्या चितेजवळची माणसं वळून बघत होती. दुसऱ्या कडव्याला आण्णांचा आवाज गेला तेव्हा तालमीची पोरं नुसतीच हात जोडून उभी राहिली, कारण पुढं काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

रक्षा गोळा केली. शेजारी म्हणाले, नदीत सोडा, मोकळी होईल. आण्णांनी ती स्टीलच्या डब्यात भरली आणि भर दुपारी दफनभूमीत गेले. तिथं इकबाल होता. मंगळवार पेठेतला, त्यांच्या कब्रस्तानात खणायचा तसा इथंही खणायचा, ऋतुराजचा खड्डा त्याच्या बापानं खणला होता. त्यानं डब्याकडं बघितलं आणि त्याला कळलं.

‘‘आण्णा, आमच्यात बी हे चालत न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘तवा मी काय बघितल्यालं न्हाय.’’ आणि पहार आण्णांच्या हातात देऊन तो पाठ करून बसला.

झाड आणि पोरगा यांच्या मधल्या फटीत, एका मुळाच्या खाली, कोपराएवढ्या खोल आण्णांनी डबा रिकामा केला. वर माती सारखी केली आणि त्यांना प्रार्थना सुचेना. त्यांनी डबा पुसला आणि पहार इकबालला परत दिली.

राख कुठं गेली हे मंडळीला कळलं नाही. जाळलं एवढं मात्र गावाला कळलं होतं. रविवारी उपासनेत पाळकांनी खाली बघत वाचून दाखवलं की बंधू शमुवेल यांना शिस्त म्हणून पंचांतून कमी करण्यात येत आहे. आण्णा मागच्या बाकावर येऊन बसले. तरुण संघातली पोरं सरकली आणि त्यांना जागा दिली.

पुढच्या सभेत झाडाचा ठराव आला. बोलायचा अधिकार फक्त पंचांना. सरांनी भाग मांडले, आपली माणसं सोडून माळावर जायला कुणी तयार नाही हा नवा भाग धरून. मग एक मोठी शांतता पडली, आण्णांच्या खाकरण्याएवढी, आणि तिच्यात कुणी उठलं नाही. ठराव पास. धोकादायक झाड म्हणून परवानगी आली. दिवाळीनंतर करवतीवाले आले.

झाड एका दिवसात गेलं. आण्णा फाटकाबाहेर उभे होते. फांद्यांबरोबर घरटी पडत होती, आणि संध्याकाळी परतलेली पाखरं जिथं झाड होतं त्या हवेभोवती फिरत राहिली. आण्णांना वाटलं होतं, बुडखा राहील. बुडखा उपटत बसायला कुणाला वेळ आहे? खोड गेलं तरी मुळं राहतील, मुळांखालचं राहील. या एका समजुतीवर ते रात्री झोपले.

सकाळी जेसीबी आला. ओळ धरायची तर मुळं काढावी लागणार, हे गणिताच्या सरांना आधीच माहीत होतं. आण्णा पोचले तेव्हा त्याचा दातेरी हात बुडख्याच्या पुढच्या अंगाला घुसला होता. ऋतुराजच्या दगडाला धक्का लागू नये म्हणून सरांनी तिथं पोतं बांधून घेतलं होतं आणि स्वतः हात करून करून ड्रायव्हरला सांभाळून घ्यायला लावत होते. दगडाला खरोखरच ओरखडा उठला नाही. दगडाच्या शेजारची हातभर माती मात्र मुळांसकट वर गेली आणि ट्रॉलीत पडली.

इकबाल कुंपणाशी उभा होता. ‘‘आण्णा, बोला की,’’ तो म्हणाला.

आण्णा सरांकडं चालत गेले. तोंड उघडलं. पण सांगायचं काय? चोरून घातली म्हणून सांगायचं, आणि सांगितल्यावर माणसं थांबतील, तर थांबून करतील काय? माती चाळतील? सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सरांचे डोळे भरले होते.

‘‘झाडाचं दुःख कळतंय आम्हाला, आण्णा. तुमच्यासारखा जीव कुणी लावला नाही त्याला.’’

आण्णांनी मान हलवली. मग ते वळले, ट्रॉलीच्या चाकावर पाय ठेवला आणि वर चढून मातीच्या ढिगावर बसले. पंचांची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पावणं, उतरा, माल भरावाला जायचाय. सर हलक्या आवाजात म्हणाले, न्या तसंच, थोडं पुढं गेल्यावर उतरतील.

ते उतरले नाहीत. गावातनं ट्रॉली गेली तेव्हा सिग्नलला माणसं वर बघत होती. मातीच्या ढिगावर इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा, दोन्ही हात मातीत रोवून. कळंब्याच्या पुढं एका प्लॉटवर भराव टाकायचा होता. प्लॉटवाला उदयसिंह, तरणा गडी, घराचा पाया बांधून झालेला. त्यानं ट्रॉलीवरच्या म्हाताऱ्याला हात देऊन खाली घेतलं, पाणी दिलं आणि आदबीनं विचारलं, ‘‘माती चांगली हाय न्हवं, पावणं?’’

इतका वेळ बंद असलेलं तोंड इथं, परक्यापुढं उघडलं. ‘‘चांगली हाय,’’ आण्णा म्हणाले. ‘‘माझी बायको हाय तिच्यात.’’

उदयसिंह दोन पावलं मागं झाला. मग तो ट्रॅक्टरवाल्यावर गेला. दफनभूमीतली माती व्हय? आणि माझ्या घराच्या पायात घालालायस? घरात म्हातारी आई राहणार आहे माझी. ट्रॅक्टरवाला शपथा घालून सांगत होता की झाडाखालची आहे, मोकळी माती आहे, ह्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. उदयसिंहनं फाटक ओढून घेतलं. आतनं एवढंच म्हणाला की आजोबा, तुमच्याबद्दल वाईट वाटतंय, पण न्या हे.

ट्रॅक्टरवाला शिव्या घालत निघाला. डिझेल त्याचं जळत होतं आणि परत जाऊन दुसरी खेप भरायची होती. एका ओढ्याच्या काठाला त्यानं ट्रॉली मागं घेतली. गावाचा राडारोडा तिथंच पडायचा. फुटक्या टाइल्स, थर्माकोल, गणपतीच्या मखरांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. पाणी काळं होतं आणि त्यावर फेस होता.

‘‘आता तरी उतरा,’’ तो म्हणाला.

आण्णा उतरले. काठानं खालपर्यंत गेले, परत वर आले. जागा बघत होते. सगळीकडं सारखंच होतं. शेवटी पाण्यापासून जरा लांब, एका रुईच्या झुडपाजवळ ते थांबले, पायानं दोन काचा बाजूला केल्या आणि हात वर केला.

‘‘जरा अलीकडं घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘हां. हितं.’’

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली वर उचलली.